एमपीएससीची तयारी करताना व्यायामाने एकाग्रता वाढते का?

तुमचं वय 23, राज्यसेवेची तयारी चालू आहे, दिवसभर अभ्यासिकेत बसूनही लक्ष टिकत नाही. रोज व्यायाम केला तर फरक पडेल की तेवढा वेळ फुकट जाईल, असं तुम्ही विचारलंय.

फरक पडतो, पण यूट्यूबवर सांगतात तेवढा नाही. तुमच्या वयात मेंदू तसाही भरात असतो, सुधारायला वाव कमी. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 20 ते 67 वयाच्या 132 जणांवर सहा महिने प्रयोग केला. काहींना दम लागेल असा व्यायाम दिला, बाकीच्यांना नुसतं स्ट्रेचिंग वगैरे. 2019 मध्ये निकाल छापून आला: पहिल्या गटाला फायदा झाला, पण जितकं वय जास्त तितका तो जास्त. 2023 च्या एका मोठ्या आढाव्याने तर निरोगी माणसांमधला हा फायदा अगदी किरकोळ ठरवला.

तरी मी रोज सकाळी पर्वती चढतो, ते त्यानंतरच्या तासाभरासाठी. लक्ष मोजायची एक चाचणी असते. पडद्यावर पाच बाण दिसतात. मधल्याचं तोंड कुठे आहे, तेवढंच बटण दाबून सांगायचं. बाजूचे चार उलटीकडे असले की बोट हमखास अडखळतं. 2003 मध्ये कॉलेजच्या मुलांना अर्धा तास ट्रेडमिलवर पळवून याच धाटणीची चाचणी दिली, तेव्हा लक्ष देताना मेंदूत उठणारी ‘पी3’ ही विद्युत लहर एरवीपेक्षा मोठी दिसली. अभ्यासिकेत शेजारी कोणीतरी कुजबुजत असतं, खिशात फोन थरथरतो. आपलीही रोज हीच परीक्षा की!

मात्र जीव काढून पळू नका. पोलीस भरतीची मुलं 1600 मीटर तुफान पळून येतात आणि पुस्तकावर मान टाकून घोरतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग पुरे. अर्धा तास चाला, आंघोळ करा आणि लगेच जो विषय टाळता तोच उघडा. तो तास पेपर चाळण्यात घालवलात तर मग व्यायामाला नावं ठेवू नका.

आणि झोप पाच तासांवर आली असेल, तर पहाटेचा गजर आधी बंद करा. चालायला संध्याकाळी जा.