कोणती जागा?

चि. कुसुमावतीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या खऱ्या नावाऐवजी भूमिकेच्या नावाने हाक मारतो आहे, त्याचे कारण पुढे येईल. परवा 'संगीत सौभद्रा'चा प्रयोग संपल्यावर चर्नी रोडहून बोरिवलीच्या गाडीत बसून तू जो निरोप पाठवलास, तो मी चार वेळा वाचला. "काका, आज ती अशी गायली की मला गाणं सोडून द्यावंसं वाटतंय. आनंद होतोय की जळफळाट, माझं मलाच कळत नाही." याला मोबाइलवरच उत्तर देता आले असते, पण अंगठ्याने लिहू लागलो की मी फार लवकर वडीलधाऱ्याच्या सुरात शिरतो, म्हणून कागद घेतला आहे.

तुझा आवाज चांगला आहे, तू मेहनती आहेस, प्रत्येकाची वेळ येते, असले काही मी लिहिणार नाही. ते तुला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही त्या रात्री तुला झोप लागली नाही. मला तुला एकच विचारायचे आहे. आपली सुभद्रा "अशी" गायली म्हणजे कशी गायली? कोणती जागा, म्हणजे गाण्यातला नेमका कोणता क्षण?

हा प्रश्न माझा नाही. गिरगावात आमच्या चाळीत माझ्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकात, ८ जुलै १९२१ चा संयुक्त 'मानापमान' पाहिल्याचे सांगणारे दोन-तीन म्हातारे होते. टिळक स्वराज्य फंडासाठी बालीवाला थिएटरात झालेल्या त्या प्रयोगात बालगंधर्व भामिनी होते आणि केशवराव भोसले धैर्यधर. एक गंधर्व नाटक मंडळीचे, दुसरे ललितकलादर्श या प्रतिस्पर्धी मंडळीचे. पुढे तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबरात, केशवराव गेले, अवघ्या एकतीस वर्षांचे. त्यामुळे त्या रात्रीचा निकाल कायमचा लांबणीवर पडला आणि चाळीच्या गॅलरीत चाळीस वर्षांनंतरही "जिंकलं कोण" याचा वाद चालू राहिला. त्यातले एक गृहस्थ मात्र वादात कधी पडत नसत. कोणी "काय गायले हो!" असे म्हणाले की ते पानाचा डबा बंद करून विचारत, "कोणती जागा?" आणि समोरचा गप्प होई. मग ते स्वतः एखादी ओळ गुणगुणत, आवाज फाटका, पण नेमक्या त्या अक्षरावर बोट ठेवल्यासारखी. मुंबईत जागा म्हटली की लोकांना चौरस फूट आठवतात. मला अजून ते गृहस्थ आठवतात.

आता परवाचे. 'सौभद्रा'च्या मूळ संहितेत शंभराहून अधिक पदे आहेत. आपण त्यांतली मोजकी घेतो, कारण पहाटेपर्यंत बसणारा प्रेक्षक आता नाही आणि शेवटची लोकल कोणासाठी थांबत नाही. त्या मोजक्या पदांतही "वद जाऊ कुणाला शरण" हे सगळ्यांना पाठ असलेले पद. प्रेक्षागृहातल्या निम्म्या लोकांच्या कानांत ते आधीच वाजत असते, आणि गाणारीला त्या आठवणीच्या अंगावर गावे लागते. आपली सुभद्रा पंचविशीतली, नोकरी करून तालमीला येणारी. तालमींत ती नीटनेटके गात होती आणि तेवढेच. परवा मात्र दुसऱ्यांदा "वद जाऊ कुणाला" म्हणून ती थांबली. त्या विरामात ऑर्गनने भरणा करायचा, अशी माझ्या हातांना पंचेचाळीस वर्षांची सवय आहे. माझी बोटे पट्ट्यांवर गेलीही होती. पण तिने श्वास घेतला तो गाण्यासाठी घेतलेला श्वास वाटेना. दारे एकेक करून बंद होत गेलेल्या मुलीने घ्यावा तसा तो होता. मी बोटे वर उचलली. तबल्याचा ठेका तेवढा चालू राहिला, आणि मग तिने "शरण" हा शब्द तानेशिवाय, जवळजवळ बोलल्यासारखा, अगदी सुरात ठेवून सोडून दिला. जिथे तान घ्यायची सगळ्यांची रीत आहे आणि तालमीत तीही घेत होती, तिथे तिने काहीच घेतले नाही.

ही जागा. टाळ्या तिथे पडल्या नाहीत, हे तुझ्या लक्षात आले का? टाळ्या पुढच्या आवर्तनातल्या तानेला पडल्या, वन्स मोरही तिथेच आला. कोणीतरी मोबाइलवर घेतलेली जी क्लिप दोन दिवस सगळीकडे फिरते आहे आणि जी पाहून तू आणखी खचली आहेस, ती त्या तानेपासूनच सुरू होते. म्हणजे ज्या क्षणी त्या मुलीच्या गाण्याला कोंब फुटला, तो क्षण क्लिपमध्ये नाहीच. लोक जिचे कौतुक करताहेत ती तान तुलाही येते, कदाचित तिच्याहून स्वच्छ येते. मग तू कशाने घाबरली आहेस? कानांनी जे ऐकलेस त्याला तू अजून नाव दिलेले नाहीस, म्हणून घाबरली आहेस. बिननावाचे कौतुक पोटात राहिले की आंबते. जागा सांगता आली असती, तर तुझा निरोप दोन ओळींचा झाला असता आणि तू झोपली असतीस.

मी रागावलो आहे असे वाटेल. थोडा रागावलो आहेच. "गॉड गिफ्ट", "नैसर्गिक देणगी", हे शब्द तुम्ही मुले एकमेकांसाठी इतक्या उदारपणे वापरता की त्यामागचा आळस कोणाला दिसत नाही. देणगी म्हटले की ऐकण्याची जबाबदारी संपते. वसंतराव देशपांडे १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली'मध्ये खाँसाहेब म्हणून उभे राहिले आणि लोक म्हणू लागले की एका नाटकाने माणूस कुठून कुठे गेला. तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते. लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षे नोकरी करून, अनेक गुरूंकडून वेचून घेतलेले गाणे ते घेऊन आले होते. शाळेत असताना मी ते नाटक पाहिले आणि घरी येऊन वडिलांना म्हणालो, "काय गायले!" वडील नाटकवाले नव्हते, त्यांनी पुढे काही विचारले नाही. चाळीतल्या त्या गृहस्थांनी विचारले असते, तर मी गप्प झालो असतो.

आणि आता जे सांगतो ते मी आजवर कोणाला लिहून कळवलेले नाही.

१९७८ साली आमच्या कार्यालयाच्या नाट्यमंडळाने हेच नाटक बसवले होते. मला कृष्ण करायचा होता. चार महिने मी पदे घोटली. वाचनाच्या दुसऱ्या आठवड्यात दिग्दर्शकांनी कृष्ण दुसऱ्याला दिला आणि मला ऑर्गनवर बसवले, कारण मंडळात पायपेटी वाजवता येणारा मी एकटाच होतो. तो दुसरा माझ्याच खात्यात काम करणारा, माझ्याच टेबलावर डबा खाणारा. पहिल्या प्रयोगात "नच सुंदरी करु कोपा" म्हणताना "कोपा"वर त्याने सूर किंचित उशिरा लावला, आणि त्या उशिरात हसू होते. ते चेहऱ्यावर नव्हते, आवाजात होते. रुसलेल्या बायकोची समजूत काढणाऱ्या नवऱ्याला आतून मजा वाटत असते ना, ते. मी शहारलो. प्रयोगानंतर रंगपटात तोंडावरचा रंग पुसता पुसता त्याने मला विचारले, "कसं झालं रे?" मी म्हणालो, "छान."

एवढेच म्हणालो.

महिन्याभराने दुसरा प्रयोग झाला, आणि त्यात ती जागा नव्हती. त्याने "कोपा" अगदी वेळेवर घेतला, वर एक छोटी तान जोडली आणि टाळी मिळवली. मी ऑर्गनवर होतो. मला कळले, बहुधा एकट्यालाच कळले, आणि सांगायला लाज वाटते, पण मला बरे वाटले. खूप वर्षांनी दादरला कबुतरखान्यापाशी तो भेटला. गाणे त्याने कधीच सोडले होते. बोलता बोलता म्हणाला, "पहिल्या प्रयोगात माझा तो सूर मागे राहिला होता बघ. तू नुसता 'छान' म्हणालास, तेव्हाच मी समजलो. पुढे नीट केलं." त्याने नीट केले होते! त्याच्या गाण्यातली सर्वांत चांगली गोष्ट त्याने चूक समजून दुरुस्त करून टाकली, कारण ती ऐकू आलेल्या एकुलत्या एक माणसाने तोंड उघडले नाही. तेव्हाही, फुटपाथवर उभा असताना, मी त्याला खरे सांगितले नाही. उशीर झाला आहे, आता सांगून त्याला त्रासच होईल, असे मी मनाशी म्हटले. ते खरे होते की सोयीचे, याचा निवाडा मी अजून केलेला नाही.

माझ्या बाजूनेही काही आहे. मी सव्वीस वर्षांचा होतो, माझी भूमिका गेली होती, घरी दोन भावांची शिक्षणे होती. आणि माझी जागा तरी मला कधी कोणी सांगितली होती? लोक म्हणतात, मी गाणे सोडले. मी ते मानत नाही. गळ्याऐवजी हातांनी गातो आहे आणि त्यासाठी पंचेचाळीस वर्षे पायाने भाता मारतो आहे. गुडघ्याच्या डॉक्टरांना विचार. पण तेवढ्याने तो "छान" पुसला जात नाही, हेही मला कळते. तुझा निरोप आला तेव्हा माझ्या पहिल्यांदा मनात आले, हे मीच लिहिले असते, जर त्या वेळी माझ्यात लिहिण्याचे धैर्य असते. त्या बाबतीत तू माझ्यापुढे आहेस. मी जळत होतो आणि त्याला रसिकतेचा संयम म्हणत होतो. तू निदान "जळफळाट" हा शब्द तरी वापरलास.

म्हणून तुला हट्टाने तेच तेच सांगतो आहे. तिला "कमाल केलीस" असे म्हणू नकोस. तो हृदयाचा लाल बदाम पाठवू नकोस. तिला जागा सांग. "दुसऱ्या वेळी 'शरण' म्हणताना तू तान सोडलीस, तिथे माझ्या अंगावर काटा आला," एवढे वाक्य. तिला हे कोणी सांगितले नाही, तर ती काय करील, मला माहीत आहे. क्लिपला मिळणारी दाद पाहील, टाळी कुठे पडली ते मोजील, आणि पुढच्या प्रयोगात "शरण"वरही तान घेईल. प्रेक्षक आणखी खूश होतील. परीक्षकही होतील. मी पाहिलेले आहे.

मीच का सांगत नाही, असे विचारशील. मी सांगेनही. पण मी म्हातारा साथीदार. माझ्या सांगण्याला ती वाकून नमस्कार करील आणि विसरून जाईल. तुझ्याकडून आले तर ते तिला चिकटून बसेल, कारण तिला पक्के ठाऊक आहे की सुभद्रेसाठी तुझेही नाव चर्चेत होते.

आता तुझ्याबद्दल, आणि इथे मी गोड बोलणार नाही. पदातली "अग सखये" ही हाक कोणाला आहे? बलरामाने दुर्योधनाशी लग्न ठरवले, आप्तांपुढे रडून झाले, कोणी ऐकेना, तेव्हा सुभद्रा जिच्याकडे वळते ती कुसुमावती. म्हणजे तू. आख्खे पद तुला उद्देशून आहे, आणि पहिल्या दोन "सखये"ला तू कुठे होतीस? तू तिच्या ताना मोजत होतीस. तुझे ओठ हलत होते, मला ऑर्गनवरून स्पष्ट दिसत होते. तू मनातल्या मनात सुभद्रा गात होतीस. दोन सुभद्रा रंगमंचावर आणि ऐकणारी कोणीच नाही. साथ करणाऱ्याला हे फार पटकन कळते, कारण आमचा अर्धा धंदा ऐकण्याचाच आहे.

पण तिसऱ्या "सखये"ला, म्हणजे तिने "शरण" तसे सोडल्यानंतर, तुझे ओठ थांबले. तू मान वळवलीस आणि तुझा डावा हात तिच्या दिशेने थोडा उचलला जाऊन मधेच राहिला. दिग्दर्शकांनी ती हालचाल दिलेली नव्हती. माझ्या संहितेत तिथे काही लिहिलेले नाही, मी काल काढून पाहिली. सुभद्रेने तुझा हात पाहिला, आणि पुढची ओळ ती प्रेक्षकांकडे न पाहता तुझ्याकडे पाहून गायली. सबंध प्रयोगात ती एकदाच तुझ्याकडे पाहून गायली.

तर ही तुझी जागा, आणि ती मी तुला, माझ्या हिशेबाने, वेळेवर सांगतो आहे. तो हात चुकून उचलला गेला असे समजून पुढच्या प्रयोगात खाली ठेवू नकोस.

बुधवारी तालीम साडेसहाला आहे. तू सहाला ये. तिलाही मी सहालाच बोलावले आहे, ऑर्गनचा भाता गळतो आहे तो बघायला म्हणून. हे तिला सांगू नकोस. चहा यायच्या आत बोलून घे, कारण चहा आला की सगळी मंडळी क्लिप काढून बसतील. गाणे सोडायचे की नाही, याचे उत्तर मी मुद्दामच दिलेले नाही. आधी वहीत तिच्या तीन जागा लिहून आण, शब्द आणि अक्षरासह. "एक्स्प्रेशन छान" असे लिहिलेस तर वही परत करीन.

तुझा,
ऑर्गनवाला काका

ता. क. "कोपा"ची ती जागा मला अजून जशीच्या तशी वाजवता येते. बुधवारी वेळ उरला, तर तुम्हा दोघींना वाजवून दाखवीन.