पगाराचा मेसेज कुणाच्या फोनवर?

मावशी, नमस्कार.
मी २८ वर्षांची, बेळगावातल्या शहापूरची. बी.कॉम. करून उद्यमबागमधल्या एका फौंड्रीत अकौंट्सला आहे, कामगारांचा पगार काढायचं काम माझ्याकडंच असतं. चार वर्षांपासून माझं एका मुलीवर प्रेम आहे. ती गोकाककडची, इथल्या एका दवाखान्यात नर्स आहे, टिळकवाडीत पीजीला राहते. घरी ती माझी मैत्रीण म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे, आई तिला डबा भरून देते. त्यात ती कन्नड! बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची काळ्या दिनाची सायकल फेरी निघते, पप्पा दरवर्षी तिच्यात असतात. त्यांना ती मुलगी आहे याचं जास्त लागेल की कन्नड आहे याचं, तेच कळत नाही. तुळशीच्या लग्नानंतर गडहिंग्लजचं स्थळ बघायला येणार आहे.
कोर्टानं ते ३७७ कलम काढलं म्हणजे आम्हाला लग्न करता येतं का? आम्ही वेगळं राहिलो आणि घरच्यांनी पोलिसात दिलं तर? ते ट्रान्सजेंडर कार्ड आणि एक टक्का आरक्षण आमच्यासारख्यांना मिळतं का?
माझा दादा मात्र फार चांगला आहे. पप्पांपेक्षा त्यानंच मला सांभाळलं. सिम त्याच्याच नावावर आहे, बँकेत आणि आधारला त्याचाच नंबर दिलाय. पगार झाला की मेसेज त्याला येतो, मग तोच मला ‘झाला गं पगार’ म्हणून सांगतो. त्याला अंधारात ठेवलंय याचं वाईट वाटतं. आधी त्याला सांगू का? समजून घेईल असं वाटतंय, खरं भीतीपण वाटते.
— शहापूरची एक

पोरी,

कायद्याचं नंतर बघू. आधी मला एक सांग. फौंड्रीतल्या लोकांचा पगार तू काढतेस. कुणाचा पीएफ किती, ईएसआय किती, कुणाचा ॲडव्हान्स कापायचा, सगळं तुझ्या हातात. उद्या एखादा मोल्डर तुझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, ‘मॅडम, माझ्या खात्याला माझ्या भावाचा नंबर घाला, पगार झालेला तो मला सांगेल,’ तर तू त्याला काय म्हणशील? येड्यात काढशील की नाही? मग तुझा स्वतःचा पगार झालेला तुला दादाकडून का कळतो?

दादा किती चांगला आहे हे सांगायला तू ते वाक्य लिहिलंस, आणि लगेच पुढं गेलीस. मला पुढं जाता येईना. ३७७, पोलीस, आरक्षण यांची एवढी काळजी करतेस आणि तुझ्या नावाचा प्रत्येक ओटीपी दुसऱ्याच्या खिशात वाजतोय, याचं तुला काहीच वाटत नाही! बँकेचा ओटीपी त्याला, आधारचा त्याला, पीएफच्या खाते नंबराचा, म्हणजे यूएएनचा, त्याला. उद्या टिळकवाडीत खोलीचं डिपॉझिट भरलंस तर पैसे गेल्याचा मेसेज तुझ्याआधी तो वाचणार. बसचं तिकीट काढलंस तर तेही. चार वर्षं लपवून ठेवलेलं एका मेसेजनं बाहेर येईल, तेसुद्धा तू ठरवलेल्या वेळी नाही.

दादा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तो चांगला आहे असंही म्हणणार नाही, कारण त्याची परीक्षा अजून झालेलीच नाही. त्याला नको असलेलं असं तू आजवर केलंयस काय? पगार त्याच्या नजरेखाली, फोन त्याच्या नावावर, बहीण वेळेवर घरी. अशा बहिणीशी प्रेमानं वागायला फार काही लागत नाही. त्याला अंधारात ठेवल्याचं वाईट वाटून घेतेस, पण त्यानं तुझ्या पैशावर एवढा उजेड पाडून ठेवलाय त्याचं काय? ‘तुझा नंबर घाल की गं आता, २८ वर्षांची झालीस,’ असं त्याला एकदाही म्हणावंसं वाटलं नाही. हे न म्हणणं प्रेमाच्या खात्यात जमा करायला मी तयार नाही.

आता तुझे प्रश्न. लग्नाचं उत्तर एका ओळीत: आज नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं एवढंच ठरवलं की दोन सज्ञान माणसांनी आपल्या मर्जीनं ठेवलेलं नातं हा गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तर ते कलमच नाही. पण लग्नाची मान्यता पाच न्यायाधीशांच्या पीठानं १७ ऑक्टोबर २०२३ ला नाकारली आणि ते काम संसदेचं म्हणून सोडून दिलं. म्हणजे बेळगावच्या नोंदणी कार्यालयात तुमचा अर्ज कुणी घेणार नाही. एकत्र राहायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

ते कार्डही तुझ्यासाठी नाही. ते २०१९ च्या कायद्याखाली ट्रान्सजेंडर व्यक्तींना मिळतं, आणि सरकारी नोकऱ्यांतलं एक टक्का आरक्षण कर्नाटकानं २०२१ मध्ये त्यांनाच दिलं. तू बाई आहेस आणि तुझं एका बाईवर प्रेम आहे, ही गोष्ट वेगळी. (ज्यांच्यासाठी ते आहे त्यांचे हाल आपल्याच जिल्ह्यात बघ. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला वाहिलेल्या ट्रान्सजेंडर जोगप्पाच्या पाया पडायचं, भंडारा कपाळाला लावून घ्यायचा, आणि खाली उतरल्यावर त्यालाच खोली भाड्यानं द्यायची नाही. त्यांच्यातल्याच लोककलाकार मंजम्मा जोगती यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत असे घरमालकही असतील.)

लग्न नाही म्हणून काहीच नाही असं मात्र नाही. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्राच्या अर्थ खात्यानं स्पष्ट केलं की तुमच्यासारख्या जोडप्यांना जॉइंट अकौंट काढायला आणि एकमेकींना नॉमिनी लावायला काही आडकाठी नाही. त्याच वर्षी, रेशन कार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातलं धरा, असंही केंद्रानं राज्यांना कळवलं. तुला मिळण्यासारखं आज जे आहे ते बहुतेक असंच आहे, बँकेच्या काउंटरवरचं. आणि तिथं पहिला रकाना कसला असतो हे तुला मी सांगायला नको. मोबाईल नंबर.

पोलिसांचं जरा नीट ऐक. घरचे ‘मुलगी बेपत्ता’ म्हणून तक्रार देतील, हे धरूनच चालायचं. पोलीस तुला शोधतील, ठाण्यात बोलावतील. तू सज्ञान आहेस. ‘मी माझ्या मर्जीनं राहतेय, मला घरी जायचं नाही’ एवढा जबाब दिलास की कुणी तुला उचलून शहापूरला नेऊन सोडू शकत नाही. जबाब कन्नडमध्ये लिहितील. तो कुणाकडून तरी वाचून, समजून घेतल्याशिवाय सही करायची नाही. पप्पांच्या सायकल फेरीचा पूर्ण मान राखून सांगते, इथं तुझी ती गोकाकची मुलगीच उपयोगाला येणार.

सोन्याला हात लावू नकोस, आजीनं तुलाच म्हणून दिलेल्या पाटल्यांनाही नाही. पळून गेलेल्या मुलीवर चोरीची तक्रार टाकायची, म्हणजे पोलिसांना तिला धरायला कारण मिळतं, ही घराघरातली जुनी युक्ती आहे. तुझे मार्कशीट, पॅन, आधार मात्र तुझेच आहेत, ते आत्तापासून एकेक करून बाहेर काढ.

कोंडून ठेवलं तर तुझी मैत्रीण धारवाडला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कोंडलेल्या माणसाला कोर्टासमोर आणा असा, अर्ज करू शकते. ११ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं अशा प्रकरणांसाठी न्यायाधीशांनाच नियम घालून दिलेत. मुलीला घरच्यांच्या समोर नाही, एकटीला विचारायचं. ती अर्जदाराची नक्की कोण लागते याची चिरफाड करत बसायचं नाही. आणि तिचं मन वळवावं म्हणून समुपदेशन तिच्यावर लादायचं नाही. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडायचं कारण नाही. १९८७ च्या कायद्यानं कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जायचं, नाहीतर १५१०० ला फोन करायचा.

फोन म्हटलं की परत तिथंच येतो बघ आपण. ठाण्यात, वकिलाकडं, प्राधिकरणात तुला नंबर विचारतील. कुठला सांगणार? दादाचा?

मिरजेच्या कुठल्या डॉक्टरकडं ‘हिला बरी करा’ म्हणून नेलं तर घाबरायचं नाही. यात बरं करण्यासारखं काही नाही, असा ‘उपचार’ करणं हे डॉक्टरच्या पेशात गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगितलंय. त्या डॉक्टरला तेवढं तोंडावर म्हणायचं. रात्री झोप लागत नसेल, मन फारच बसलं असेल तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. आणि तुझ्यासारख्याच बायकांशी बोलायचं असेल तर मुंबईत १९९५ पासून अशा बायकांनीच चालवलेला ‘लेबिया’ गट आहे. बेंगळुरूत ‘संगम’ ही संस्था आहे. पुण्याच्या ‘समपथिक’ संस्थेनं या विषयावर मराठीतून काम केलंय. चार वर्षं तुम्ही दोघीच एकमेकींशी बोलताय, तिसऱ्या कुणाशी तरी बोला आता.

पण त्या आधी एक काम कर. दुसरं काही केलं नाहीस तरी चालेल, हे करच. अर्धा दिवस रजा टाक. तुझ्या नावावर नवीन सिम घे. पोस्टातल्या नाहीतर बँकेतल्या आधार केंद्रात जा आणि आधारला तो नंबर जोड. त्याला कागदपत्र लागत नाही, पत्ता विचारत नाहीत, फी शंभराच्या आत आहे आणि ठसा तुझ्याच बोटाचा लागतो. मग दुसऱ्या बँकेत खातं काढ. जुन्या खात्यातला नंबर बदलत बसू नकोस, बऱ्याच बँका तसं केलं की जुन्या नंबरलाही कळवतात. डेबिट कार्ड पोस्टानं शहापूरच्या घरी येऊन पडणार नाही याची खात्री कर, शाखेतच हातात देतात ते किट माग. मग यूएएनला नवीन नंबर घाल. आणि पगाराच्या शीटमध्ये तुझ्या नावासमोरचा खाते क्रमांक बदल. तो बदलायला तुला कुणाकडं अर्ज करायला नको, शीट तूच बनवतेस. साहेबांची सही तेवढी घे.

पुढच्या महिन्यात दादाच्या फोनवर मेसेज येणार नाही. तो विचारेल. तेव्हा ऑफिसनं बँक बदलली वगैरे काही सांगू नकोस. ‘मी माझं वेगळं खातं काढलं’ एवढंच म्हण आणि गप्प बस. त्याच्याकडं नीट बघ. ‘बरं केलंस’ म्हणाला, किंवा थोडा रुसला आणि दोन दिवसांत विसरला, तर तुझ्या दुसऱ्या गोष्टीसाठीही या माणसाकडं जागा असू शकते. ‘कशाला? कुणी शिकवलं? पासबुक दाखव,’ असं सुरू झालं, आईला मध्ये घेतलं, दोन दिवस जेवला नाही, तर त्याला आधी सांगू का या तुझ्या प्रश्नाचं उत्तर तोच तुला देईल. एका खात्यावरून जो एवढा पेटतो, त्याला गोकाकच्या मुलीचं सांगायला घाई करायची नाही.

गडहिंग्लजवाल्यांसमोर पोहे घेऊन बसायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मला विचारशील तर बसू नकोस, त्या मुलाचा वेळ आणि पेट्रोल कशाला घालवतेस? पण ‘नको’ म्हणायला उभी राहशील तेव्हा एक तरी पगार तुझ्या खात्यात पडलेला असू दे. त्यासाठी तारीख मोजून आत्ताच हाल, तुळशीचं लग्न काही तुझ्यासाठी थांबायचं नाही.

नवीन पासबुक घरी कपाटात ठेवू नकोस. ऑफिसच्या ड्रॉवरला कुलूप आहे काय? नसेल तर तिच्या पीजीत ठेव. आणि तिचा पगार कुणाच्या फोनवर येतो, तेही एकदा विचार.

— मावशी