पंचगंगेत परदेशी कार्प मासे आहेत का, आणि ते गळाने पकडता येतात का?

आपण विचारले आहे की, अमेरिकेतल्या नद्यांमध्ये होडीचा आवाज होताच शेकडो कार्प मासे पाण्याबाहेर उड्या मारताना आपण व्हिडिओत पाहिले. तसे मासे आपल्या पंचगंगेतही शिरले आहेत का, आणि असतील तर हौसेने गळ टाकणाऱ्या माणसाला ते पकडता येतील का. मी गेली अठरा वर्षे पंचगंगा आणि भोगावतीच्या काठी गळ घेऊन बसतो आहे, म्हणून जे पाहिले आहे आणि खात्रीने ठाऊक आहे तेवढेच लिहितो. परदेशी कार्प आपल्या नदीत आहेत आणि त्यांतला एक तर चांगलाच रुळला आहे. मात्र आपण पाहिलेला मासा आणि आपल्या नदीत जास्त सापडणारा मासा हे वेगवेगळे आहेत, त्यामुळे पकडण्याची रीतही वेगळी आहे.

व्हिडिओत उड्या मारणारा तो सिल्व्हर कार्प. आपल्याकडे त्याला चंदेरा म्हणतात. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मत्स्यतळ्यांमधले शेवाळ कमी करण्यासाठी तो आणला गेला, तळ्यांतून निसटला आणि मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात पसरला. त्याच्या कल्ल्यांत स्पंजासारखी गाळणी असते आणि पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे शेवाळ गाळून तो जगतो. गांडूळ किंवा कणकेची गोळी त्याच्यासमोर लोंबत ठेवली तरी तो सहसा ढुंकून पाहत नाही, म्हणूनच तिथले लोक त्याला धनुष्यबाणाने मारतात किंवा उडी मारलेला मासा हवेतच जाळीत झेलतात.

आपल्याकडे सर्वांत जास्त भेटतो तो कॉमन कार्प, म्हणजे बाजारातला सायप्रिनस. याची एक जात १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणली गेली आणि मैदानी उष्ण पाण्यात वाढणारी दुसरी जात १९५७ मध्ये बँकॉकहून कटकला आली. चंदेरा आणि गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, हे दोघे १९५९ मध्ये आले. हेतू वाईट नव्हता. तळ्यात कमी खर्चात भरपूर मासे व्हावेत एवढाच होता. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी की, आपण ज्यांना देशी समजतो ते राहू, कटला आणि मृगळसुद्धा मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे आहेत, कृष्णेच्या खोऱ्यात ते माणसानेच सोडले. तरीही मी त्यांना सायप्रिनसच्या रांगेत बसवत नाही, कारण राहू-कटल्याला अंडी घालायला पुराचे वाहते पाणी लागते, तर सायप्रिनसला साचलेले डबकेही पुरते.

माझ्या गळाला पहिला सायप्रिनस लागला तेव्हा मी तो राहू समजून आनंदाने पिशवीत घातला होता. शेजारी जाळे विणत बसलेल्या एका वयस्कर मच्छीमार मामांनी तो पिशवीतून काढायला लावला आणि म्हणाले, "राहू न्हवं बाळा ह्यो. मिशा बघ की त्येच्या." त्यांनी तोंडाच्या कडेला नख लावून दाखवले. दोन्ही बाजूंना दोन-दोन मिशा होत्या, एक आखूड आणि एक लांब. मग त्यांनी पाठीवरचा पर उभा केला. तो जवळजवळ शेपटीपर्यंत लांबलचक पसरला होता आणि त्याच्या पहिल्या जाड काट्याला मागच्या अंगाने करवतीसारखे दाते होते. राहूचा पर आखूड असतो आणि त्याला असा काटा नसतो. तेव्हापासून माझ्या मनात शंका राहिलेली नाही. आपणही या दोन खुणा पाहाव्यात, कारण लहान पिल्ले ओळखताना रंगावर विसंबून चालत नाही.

हा मासा आपल्या भागात एवढा का माजला, याचे उत्तर आपल्या नदीच्या आजच्या रूपात आहे. ज्या बंधाऱ्याला सगळा महाराष्ट्र कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतो, तसे बंधारे पंचगंगा ज्यांची मिळून बनते त्या पाचही नद्यांच्या खोऱ्यात ठिकठिकाणी आहेत. पावसाळा संपला की त्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले जातात आणि वाहती नदी पुढचे सहा-सात महिने एकामागोमाग एक लांबट तळ्यांची माळ होऊन राहते. शेतीला ते पाणी हवेच, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण संथ पाणी, गाळाचा तळ आणि उबदार कड हे सायप्रिनसचे माहेरच. त्यात कोल्हापूर शहराच्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी येते. सायप्रिनसची अंडी चिकट असतात आणि ती पाण्यातल्या वनस्पतींना चिकटावी लागतात. मत्स्यबीज केंद्रांतले लोक त्यासाठी मुद्दाम जलपर्णी आणून टाकीत सोडतात; नदीत ती सोय आपण फुकट करून ठेवली आहे. दर किलो वजनामागे मादी सुमारे १ लाख अंडी घालते. एका जानेवारीत मी अडीच किलोची मादी घरी चिरली तेव्हा निघालेल्या गाभोळीने जेवणाचे ताट भरले होते, आणि तिच्या आतड्यात काळा गाळ, चिरडलेल्या गोगलगायींचे कवच आणि पाणवनस्पतीचे हिरवे धागे होते. तळ उकरून खाण्याच्या या सवयीमुळेच पाणी सतत गढूळ राहते, वनस्पती उपटल्या जातात आणि त्या वनस्पतींच्या आडोशाने वाढणाऱ्या इतर माशांच्या पिल्लांना जागा उरत नाही.

महापुराने उरलेसुरले काम केले. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेले, तेव्हा काठची शेततळी आणि नदी यांत बांधच उरला नव्हता. आमच्या गावाकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या तळ्यातले सगळे मासे त्या दोन दिवसांत गेले आणि दिवाळीनंतर बंधाऱ्याच्या वरच्या डोहात एकाच मापाचे सायप्रिनस लागू लागले. हिमाचलमधल्या गोविंदसागर जलाशयात १९७१ च्या पुरात एका मत्स्यकेंद्रातून असाच चंदेरा निसटला होता. पुढे तिथल्या मासेमारीत त्याचाच वाटा सर्वांत मोठा झाला आणि कटला व महसीर मागे पडले. आणखी एक उदाहरण मला फार लागते. आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांचा महसीर लोणावळ्याच्या केंद्रात वाढवून चांगल्या हेतूने कावेरीत सोडला गेला आणि तिथला स्थानिक कुबडा महसीर त्याच्यापुढे इतका मागे हटला की, २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. म्हणजे दोष माशाच्या परदेशीपणात नसतो. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत नेऊन टाकण्यात असतो.

आता पकडण्याविषयी. फेब्रुवारी ते मे हा उत्तम काळ, आणि दिवस उजाडताना किंवा सूर्य कलल्यावरची वेळ चांगली. बंधाऱ्याच्या भिंतीजवळ बसू नये. तिथे पाय घसरतो आणि मासाही कमी असतो. बंधाऱ्यापासून वरच्या बाजूला, जिथे ओढा येऊन मिळतो किंवा जलपर्णीची कड संपते, तिथे पाण्यावर बारीक बुडबुड्यांची रांग सरकताना दिसली की खाली सायप्रिनस गाळ उकरत आहे असे समजावे. आदल्या संध्याकाळी त्याच जागी दोन-तीन मुठी चारा टाकून ठेवला तर सकाळी वाट पाहण्याचा वेळ निम्म्याने कमी होतो.

आमिष म्हणून मक्याइतके स्वस्त आणि खात्रीचे काही नाही. मका चोवीस तास भिजवावा, दाणा फुटेपर्यंत उकडावा आणि त्याच पाण्यात दोन दिवस झाकून ठेवावा, म्हणजे पाणी चिकट होऊन आंबूस वास सुटतो. मी त्यात वाटीभर काकवी घालतो. गुऱ्हाळांच्या हंगामात ती आपल्याकडे सहज मिळते आणि या माशाला गोड-आंबूस वास फार आवडतो. चाऱ्यासाठी शेंगपेंड आणि कणीक समप्रमाणात घेऊन काकवीत मळावी, पण गोळा इतका सैल असावा की तळाशी गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत विरघळेल. मक्याला वाम किंवा शिंगाळा सहसा लागत नाही, हाही मोठा फायदा आहे. गांडुळाला मात्र सगळेच येतात, म्हणून मी सायप्रिनससाठी गांडूळ वापरणे सोडले.

तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ०.३० ते ०.३५ मिलिमीटर जाडीची पुरते. गळ लहान पण जाड तारेचा घ्यावा आणि आमिष गळाला न टोचता हेअर रिग बांधावी. गळाच्या मागून बोटाच्या अर्ध्या पेराएवढा बारीक दोरा लोंबता ठेवायचा, मक्याचे दोन-तीन दाणे त्या दोऱ्यात ओवायचे आणि गळ उघडाच ठेवायचा. सायप्रिनस तळावरची वस्तू तोंडात ओढतो, चाचपतो आणि संशय आला तर थुंकून टाकतो. थुंकताना दाणे आधी बाहेर जातात आणि मागून येणारा उघडा गळ खालच्या ओठात बसतो. तळाशी ५० ते ८० ग्रॅमचे शिसे असेल तर मासा पळताना गळ आपोआप घट्ट होतो, झटका देण्याची गरजच राहत नाही. मात्र रिळाचा ब्रेक सैल ठेवावा, कारण तीन किलोचा मासा पहिल्या धावेत वीस-पंचवीस मीटर तंगूस ओढून नेतो आणि ब्रेक घट्ट असेल तर ती तटकन तुटते. काठाशी आल्यावर तो पुन्हा एकदा जोर करतो, तेव्हा हातजाळी आधीच पाण्यात बुडवून ठेवावी. पाठीचा दातेरी काटा जाळीत अडकतो, म्हणून जाळी रबरी असलेली बरी.

गवत्या मक्याला अधूनमधून लागतो, पण तो बुजरा आहे. चंदेऱ्यासाठी पाण्यात मधोमध लोंबणारा, पिठासारखा विरत जाणारा गोळा आणि त्याभोवती चार-पाच बारीक गळ अशी मांडणी करतात. त्या पिठाच्या ढगात गाळणी चालवताना एखादा गळ तोंडात जातो. मला ते दोनदाच साधले आहे.

बसण्याआधी त्या पाण्याचा मासेमारीचा ठेका कोणत्या मच्छीमार संस्थेकडे आहे ते विचारून परवानगी घ्यावी. गळाला मरळ, वाम किंवा महसीर आला तर ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात सोडावा. सायप्रिनस मात्र परत सोडू नये आणि बादलीत जिवंत घालून दुसऱ्या तळ्यात तर मुळीच नेऊ नये. शहराच्या खालच्या अंगाला, जिथे नाले मिळतात, तिथला मासा मी स्वतः खात नाही. वरच्या भागातला खातो. त्याच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक काटे असतात, म्हणून तुकड्यांवर अगदी जवळजवळ चिरा देऊन, कांदा-लसूण चटणी लावून, कडकडीत तेलात तळावा.

गळाने नदीतले सायप्रिनस संपतील असे मी म्हणणार नाही. जिथे खरोखर फरक पडतो ते काम जानेवारी ते मार्च या काळात करता येते. त्या दिवसांत पहाटे कडेच्या जलपर्णीत मोठे मासे खळखळ करताना ऐकू आले की, थोड्या वेळाने तिथला एखादा झुपका उचलून पाहावा. मुळांना मोहरीपेक्षाही लहान, पिवळसर, काचेसारखी अंडी एकेक करून चिकटलेली दिसतात. दोन-तीन दिवसांत ती फुटतात, म्हणून त्याच दिवशी ते झुपके ओढून काठावर कोरड्या जागी पसरून ठेवावेत. ऊन चढेपर्यंत ती वाळून जातात.