संगणक-शंका : हापूसचं लेबल आणि फुटकी अक्षरं

प्रश्न (देवगड) : आंब्याच्या पेटीचं लेबल जुन्या संगणकावर कृतिदेव फॉन्टमध्ये केलं होतं. नव्या लॅपटॉपवर 'हापूस'च्या जागी जी-के-आय-डब्ल्यू-एल अशी इंग्रजी अक्षरं येतात. मंगल फॉन्ट लावूनही तेच. फाइल खराब झाली का?

उत्तर : फाइल धडधाकट आहे. तिच्यात पहिल्यापासून तीच पाच इंग्रजी अक्षरं आहेत. कृतिदेवमध्ये 'जी'च्या जागी 'ह'चं चित्र बसवलंय, 'के'च्या जागी काना, 'आय'च्या जागी 'प'. फॉन्ट नसला की सोंग उतरतं. मंगल युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला वेगळा क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा; त्यात 'ह'ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो 'जी'ला 'जी'च दाखवणार. गंमत म्हणजे दोन्ही फॉन्टच्या फाइली टीटीएफच, त्यामुळे नावाचं शेपूट बघून काही कळत नाही.

हंगाम तोंडावर असेल तर जुन्या संगणकाच्या विंडोज फोल्डरातल्या 'फॉन्ट्स'मधून कृतिदेवची फाइल आणा आणि राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा. विंडोज 11 मध्ये नुसतं 'इन्स्टॉल' केलं तर फॉन्ट तुमच्या खात्यापुरताच बसतो. काही जुन्या प्रोग्रामांना तो सापडत नाही.

पुढच्या वर्षासाठी मात्र मजकूर कन्व्हर्टरमधून, म्हणजे कृतिदेवचं युनिकोड करणाऱ्या प्रोग्राममधून, युनिकोडमध्ये न्याच. फक्त मराठी भाग टाका. ईमेलचा पत्ता सोबत गेला तर त्याचीही देवनागरी खिचडी होते. मग पहिली वेलांटी, रफार आणि 'किनाऱ्यावर'मधला 'ऱ्या' डोळ्यांखालून घाला. कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराआधी आणि रफार नंतर टंकतात, युनिकोडमध्ये नेमकं उलट. कन्व्हर्टर अडखळतो तो तिथेच.

प्रश्न (मालवण) : न्याहारी-निवासाचं पत्रक इनडिझाइन या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये केलंय, फॉन्ट मुक्ता, म्हणजे युनिकोडच. तरी 'निवास'ची वेलांटी 'न'च्या पुढे पडते आणि 'न्या'चा पाय मोडलेला दिसतो. छापखान्यात म्हणतात, टीटीएफ सोडा, ओटीएफ घ्या.

उत्तर : त्याने फरक पडणार नाही. फॉन्ट-फाइलींच्या या दोन प्रकारांत मुख्य भेद अक्षराच्या वक्ररेषा साठवण्याच्या पद्धतीचा. जोडाक्षरांचे नियम टीटीएफमध्येही असतात, मुक्तात आहेतच. ते पाळणं प्रोग्रामचं काम. सगळा मजकूर निवडा, पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' लावा. वेलांटी जागेवर येईल.

छापायला पीडीएफच द्या. देण्याआधी ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट्स असं जाऊन मुक्तापुढे 'एम्बेडेड सबसेट' (म्हणजे वापरलेली अक्षरं फाइलमध्येच भरलेली) लिहिलंय ना, ते बघा.