डोंगरात घर घेण्याआधी विमानांबद्दल थोडं

सायली, कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोत नोकरी पक्की झाली, आता प्लॅसरव्हिलच्या बाजूला डोंगरात घर बघताय, आणि ‘वणवा लागला तरी तिकडे ती आग अडवणारी मोठी विमानं आहेत ना?’ असं तू विचारलंस. आहेत. पण त्यांच्या भरवशावर घर घेऊ नका.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये याच डोंगरात काल्डोरचा वणवा पेटला तेव्हा रोज सकाळी माझ्या तुळशीच्या पानांवर राख असायची. डीसी-१० डोक्यावरून गेलं की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. मुळात हे प्रवासी विमान. आता एका खेपेत जवळपास ३५ हजार लिटर लाल द्रव नेतं. पुढे एक छोटं विमान वाट दाखवतं, मागून हे धूड झाडांच्या शेंड्यांवर उतरल्यासारखं खाली येतं आणि डोंगरावर लांबलचक लाल पट्टा ओढून जातं. नौदलात पाणबुड्या हुडकणारी जुनी ट्रॅकर विमानंही याच कामाला आहेत. ती साडेचार हजार लिटर नेतात. तटरक्षक दलाकडून आलेली मालवाहू हर्क्युलस विमानं पंधरा हजार.

पण तो द्रव म्हणजे पाण्यात कालवलेलं, खतात असतं तसलं अमोनियम फॉस्फेट. त्याने आग विझत नाही, पुढचं गवत पेटायला वेळ लागतो, एवढंच. तेवढ्या वेळात खाली माणसं पोचून जमीन साफ करतात, तेव्हा कुठे आग अडते. शिवाय जोराचा वारा सुटला की विमानं उडूच शकत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला पहिल्या रात्री नेमकं हेच झालं. त्याच वणव्यात एकाचं ड्रोन कॅनडाहून आलेल्या विमानाच्या पंखावर आदळलं आणि ऐन गरजेला ते विमान दुरुस्तीत अडकलं. तुझ्या नवऱ्याला ड्रोनची हौस आहे म्हणालीस, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

म्हणून आधी कॅल फायरच्या, म्हणजे राज्याच्या अग्निशमन खात्याच्या, नकाशात त्या घराचा धोका बघ. विम्याचा आकडा बयाणा देण्याआधीच काढ. कुणीच विमा दिला नाही तर शेवटी फेअर प्लॅन नावाचा शेवटच्या आधाराचा विमा उरतो, तो महाग पडतो. भिंतीपासून पाच फुटांत लाकूड, झुडूप, काथ्याचं पायपुसणंसुद्धा नको. पोटमाळ्याच्या झरोक्यांना बारीक धातूची जाळी हवीच, कारण बहुतेक घरं उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात.

आणि रस्ता. २०१८ मध्ये पॅरडाइज गावात आणि आसपास वणव्यात ८५ माणसं गेली. काही तर कोंडीत अडकलेल्या गाड्यांमध्येच. घर बघायला जाल तेव्हा तिथून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हे स्वतः गाडी घालून बघा. नसेल तर ते घर सोडून द्या.