घरात मांजर आलं म्हणून कोणती झाडं काढायची?

ताई, जुळे सोलापुरातल्या तुमच्या फ्लॅटमध्ये मनीप्लँट, कोरफड आणि स्नेक प्लँट आहेत, आता मांजराचं पिल्लू आलंय, तर सगळ्या कुंड्या देऊन टाकू का, असं विचारलंय तुम्ही. नका देऊ. विषारी झाडांच्या याद्या वाचत बसलं की घाबरायला होतं, कारण तोंड चुरचुरणं आणि किडनी निकामी होणं त्यात शेजारी शेजारी छापलेलं असतं.

मनीप्लँट, सिंगोनियम, डिफेनबेकिया, पीस लिली ही सगळी अळूच्या कुळातली. कच्च्या अळूने घसा खवखवतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या टोकदार स्फटिकांमुळे. यांच्या पानांतही तेच असतात. मांजर चावतं, लाळ गाळतं, पंजाने तोंड घासतं, एखादवेळी ओकतं आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर निभावतं. जीभ सुजली किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र दवाखाना. कोरफड आणि स्नेक प्लँटने उलट्या-जुलाब होतात. तिन्ही कुंड्या उंच टांगा. मनीप्लँटची लोंबती वेल तेवढी छाटा, पिल्लाला ती खेळणंच वाटते.

तडजोड नको ती खऱ्या लिलीशी, म्हणजे रिसेप्शनच्या बुकेत येतात त्या मोठ्या वासाच्या फुलांशी. पान, पाकळी, अंगावर पडलेले आणि चाटून पोटात गेलेले परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची किडनी बंद पाडू शकतं. आधी उलट्या होतात, मग त्या थांबतात आणि माणसाला वाटतं उतार पडला. तेवढ्यात १ ते ३ दिवसांत किडनी जाते. असा बुके घरात आणूच नका. कुणी दिलाच तर दारातूनच शेजाऱ्यांना देऊन टाका, अर्थात त्यांच्याकडे मांजर नसेल तर.

सायकस, म्हणजे ते पामसारखं दिसणारं झाड, यकृतावर जातं, त्याचं बी सगळ्यात वाईट. कण्हेर, रुई, पानफुटी आणि आपल्या उन्हात गच्चीवर झकास फुलणारं अडेनियम हृदयावर. ही घरात नकोतच. अरेका पाम, स्पायडर प्लँट, बोस्टन फर्न, गुलाब, मोगरा खुशाल ठेवा.

मांजराला गवत हवंच असतं. ते दिलं की कुंड्यांकडचं लक्षही कमी होतं. पण ज्वारीच्या मुलखात राहतो म्हणून डब्यातली मूठभर ज्वारी पेरायला जाऊ नका. कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं; जनावरांना किराळ लागते, म्हणजे कोवळी ज्वारी खाऊन विषबाधा होते, ती त्यानेच. गहू पेरा. आठवडाभरात चावण्याजोगे कोंब येतात.

एप्रिल-मेमध्ये आपण कुंड्या उन्हातून आत ओढतो आणि मांजरही तोच गारवा शोधत ओल्या मातीवर येऊन बसतं. मातीवर मोठे गोटे पसरा, म्हणजे उकरणं आणि तिथेच शी करणं दोन्ही थांबेल. नळाला रोज पाणी नसतं म्हणून कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी ओतून द्यायला आपला हात धजत नाही, तरी ओता. खत आणि कीटकनाशक त्यातच उतरतं. मांजर लांब राहावं म्हणून निलगिरी किंवा सिट्रोनेलाचं तेल शिंपडायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. ही तेलं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत.

काही खाल्लंच तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका, त्याने मीठाचीच विषबाधा होते. तोंडातले तुकडे काढा, अंगावर पराग असतील तर ओल्या फडक्याने पुसा, झाडाची फांदी पिशवीत घ्या आणि निघा. लिली असेल तर लक्षणांची वाट पाहू नका, रात्र असली तरी. डॉक्टरांना सुरुवातीलाच लिली खाल्ली म्हणून सांगा. सलाईन साधारण २ ते ३ दिवस लावावं लागतं आणि किडनी कशी चालतेय ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिन परत परत तपासावं लागतं. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, ते आजच फोन करून विचारून ठेवा.