ड्रॉपच्या क्षणी बेस नाहीसा होत असेल तर गेनला हात लावू नका

आपण लिहिले आहे की डीजे म्हणून वाजवताना ८७ बीपीएमच्या (मिनिटाला ८७ ठोके) हिप-हॉपवरून १७४ च्या ड्रम अँड बेसवर जाताना ठेका अचूक जुळतो, तरीही ड्रॉपला, म्हणजे ठेका आणि बेस पूर्ण जोरात येतात त्या क्षणी, बेस गायब होतो आणि लोक थबकतात. नेमक्या याच अडचणीने माझा एक पूर्ण सेट वाया गेला होता, म्हणून सविस्तर लिहितो. बीट जुळवणे आपल्याला येते, असे गृहीत धरतो.

माझ्या वेळी दोन्ही ट्रॅकचे लो, म्हणजे मिक्सरवरचे खर्जाचे नॉब, उघडे राहिले होते. दोन सब-बेस (सर्वांत खालचा खर्ज) एकाच पट्ट्यात, साधारण ४० ते ६० हर्ट्झमध्ये, एकत्र आले आणि त्यांच्या लहरी उलटसुलट पडल्या की त्या एकमेकींना खाऊन टाकतात. हेडफोनवर मी प्रत्येक ट्रॅक सुटा ऐकत असल्यामुळे ते कळले नाही. मिक्सरशेजारच्या बाटलीतील पाण्याची थरथर थांबली, तेव्हा काहीतरी बिघडल्याचे जाणवले. त्यावर मी गेन, म्हणजे मिक्सरमध्ये येणाऱ्या ट्रॅकची पातळी, वाढवला, आणि हीच माझी सर्वांत महाग पडलेली चूक. मिक्सरचे लाल दिवे लागले, पुढच्या लिमिटरने (ठरलेल्या पातळीवर जाणारा आवाज रोखणारे यंत्र) सगळा आवाज दाबून टाकला आणि किकचा, म्हणजे बेस ड्रमचा, ठोसाच उरला नाही. त्या जागेच्या व्यवस्थापनाकडे मी साउंड चेकसाठी तीनदा लेखी विनंती केली होती. तिन्ही वेळा 'यंत्रणा तयार आहे' एवढेच उत्तर आले आणि लिमिटर किती कडक लावला आहे, हे शेवटपर्यंत कोणी सांगितले नाही. कलाकाराला ही माहिती नाकारणे मला आजही अक्षम्य वाटते.

आता मी येणाऱ्या ट्रॅकचा लो पूर्ण बंद ठेवतो, जाणाऱ्याचा लो ड्रॉपच्या एक बार (चार ठोके) आधी काढतो आणि पहिल्या ठोक्यावर नवा लो एकदम उघडतो. प्रत्येक यंत्रणा वेगळी असते, त्यामुळे हा नियम मानू नका, आधी करून पाहा.

१४० च्या डबस्टेपकडे जायचे असेल तर ८७ चा ट्रॅक हाफ-टाइमच्या (निम्म्या वेगाच्या) ७० पर्यंत ओढू नये, असे माझे ठाम मत आहे. रॅपचा जीव जातो. तिथे सरळ कट मारावा, म्हणजे मिसळत न बसता एकदम दुसऱ्या ट्रॅकवर जावे. १९७३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या पार्टीत डीजे कूल हर्क रेकॉर्डमधले ब्रेकच (नुसत्या ठेक्याचे तुकडे) तेवढे उचलून वाजवू लागले, तेव्हापासून कट हा हिप-हॉपचा स्वभावच आहे.

साउंड चेक मिळालाच नाही, तर पहिला ट्रॅक ओळखीचा घ्या, गेन हिरव्यातच ठेवा आणि दोन मिनिटे सबवूफरसमोर उभ्या असलेल्यांकडे पाहत राहा.